उंबऱ्यावरचा जिज्ञासू

श्रद्धेच्या शोधात चर्चच्या दाराशी आलेल्या माणसाला आत कसे घ्यावे, याची रीत ख्रिस्ती मंडळीने फार लवकर बसवली. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा मानला जाणारा आणि परंपरेने हिप्पोलितसच्या नावावर असलेला एक ग्रंथ ती सांगतो. जिज्ञासूला घेऊन येणाऱ्यालाच आधी त्याच्याविषयी विचारले जाई. पुढे तीन वर्षे शिक्षण. पण माणूस तळमळीचा असेल तर वर्षे मोजू नयेत, वागणूक पाहावी, अशी सूट होती. बाप्तिस्म्याआधी परीक्षा व्हायची ती पाठांतराची नव्हे. त्याने विधवांचा मान राखला का, तो आजाऱ्यांना भेटला का, हे पाहिले जाई. उपासनेत शास्त्रवाचन आणि प्रवचन त्याला खुले असे; प्रभुभोजनाआधी मात्र तो निरोप घेई.

या स्वागताचा सर्वांत जिव्हाळ्याचा विचार संत ऑगस्टीन यांनी केला. ते स्वतः बरीच वर्षे चाचपडत होते. मिलानचे बिशप अँब्रोझ यांनी त्यांना वडिलांच्या मायेने जवळ केले आणि 387 च्या ईस्टरला बाप्तिस्मा दिला. पुढे उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप असताना, इ.स. 400 च्या सुमारास, त्यांनी कार्थेजच्या एका डीकनसाठी नवख्यांना कसे शिकवावे यावर पुस्तिका लिहिली. आलेला माणूस का आला, हे आधी जाणून घ्यावे. हेतू कच्चा असला तरी त्याला परत धाडू नये. बोलणे तिथूनच सुरू करावे. शिकवणाऱ्याने कंटाळून बोलू नये. ऐकणारा उभा राहून थकला, जांभया देऊ लागला, तर त्याला बसायला आसन द्यावे. सोळाशे वर्षांपूर्वीची ही आसनाची सूचना आजच्या कित्येक स्वागत समित्यांच्या कार्यक्रमांपेक्षा मोलाची आहे, कारण तिच्यात समोरच्या माणसाकडे पाहणे आहे.

तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा रूढ झाल्यावर ही दीर्घ तयारी मागे पडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ती पुन्हा सुरू करण्यास सांगितले आणि 1972 मध्ये कॅथलिक चर्चने प्रौढांच्या दीक्षेचा नवा विधी प्रसिद्ध केला. त्यात पहिला टप्पा केवळ विचारपूस आणि शंका यांचा आहे. पुढच्या वाटेवर मंडळीतले एक माणूस जिज्ञासूला सोबत करते आणि ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा होतो.

मराठी मुलखात अशा वाटचालीचा मोठा दाखला कवी नारायण वामन टिळकांचा. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो घेतला 1900 मध्ये; मधल्या वर्षांतली लक्ष्मीबाईंची घालमेल त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रामध्ये मोकळेपणाने आली आहे. एकाच घरातल्या दोघांना इतका निराळा वेळ लागतो, तर साऱ्या जिज्ञासूंना एकच मुदत घालणे चूक आहे. टिळकांनी भजन-कीर्तनातून ख्रिस्त सांगितला, म्हणजे येणाऱ्याला त्याच्या ओळखीच्या सुरात बोलावले. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा शिष्यसंघ उभारला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघेही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसू शकत. 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पण तिथे उंबऱ्यावरच्या माणसाला आपले म्हणण्यासाठी त्याच्या बाप्तिस्म्याची वाट पाहिली गेली नाही.