विलीनीकरण आणि शाखेचा अधिकार

आता दोन युनियनांच्या विलीनीकरणाचा प्रश्न घेऊ. एकीत बळ असतं, हे आपण मानतोच. मग स्थानिक शाखेला धास्ती का वाटते?

1926 च्या ट्रेड युनियन कायद्यात अट अशी होती: प्रत्येक युनियनच्या निदान निम्म्या सभासदांनी मतदान करायचं, आणि पडलेल्या मतांपैकी किमान 60 टक्के मतं बाजूने हवीत. म्हणजे हजारांपैकी पाचशेंनी मत दिलं आणि तीनशेंनी होकार दिला, की झालं. तरी त्यात 'प्रत्येक' हा शब्द मोलाचा आहे. त्या दिवशी लहान युनियनचा नकार मोठीलाही अडवू शकतो. विलीनीकरणानंतर मात्र एकूण डोकी मोजली जातात, आणि तोच नकार निव्वळ अल्पमत ठरतो.

जर्मनीत 2001 मध्ये पाच युनियनांची मिळून 'वेर्डी' झाली, तेव्हा व्यवसायांनुसार 13 विभाग ठेवून त्यांना बरीच स्वायत्तता दिली गेली.

म्हणून आपण मतदानाआधीच तीन प्रश्न विचारायचे. वर्गणीतला किती वाटा शाखेकडे राहील? संपाचा निर्णय कोण घेईल? आणि हे नियम शाखेच्या संमतीवाचून बदलता येतील का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल, तर पहिल्या दोन उत्तरांवर फार विसंबता येत नाही.