मॅन्डर्लेची दुसरी मालकीण

नवराबायको एकमेकांपासून काय लपवतात, यावरच्या थरारकथांना आज तोटा नाही. त्या आवडीनं वाचणाऱ्यांनी एकदा मागे जाऊन डॅफ्नी ड्यू मॉरिए यांची 'रिबेका' (१९३८) वाचावी, असं मला मनापासून वाटतं. (पुढे रहस्य उघड होणार आहे, ज्यांनी वाचली नसेल त्यांनी आधी कादंबरी मिळवावी.)

तिचं लेखन अलेक्झांड्रियात सुरू झालं. लष्करातल्या नवऱ्याची तिथे नेमणूक होती. लेखिकेला तो उकाडा सोसवत नव्हता आणि कॉर्नवॉलचा किनारा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. त्यात, नवऱ्याचं पूर्वी जिच्याशी लग्न ठरलं होतं तिच्याविषयीची असूया मनात घर करून होती.

एक पोरकी, बुजरी तरुणी मॅक्सिम द विंटर या श्रीमंत विधुराशी लग्न करून मॅन्डर्लेच्या वाड्यात येते. तिथे पहिल्या बायकोचा, रिबेकाचा, अंमल अजून चालू आहे. तो चालवते कारभारीण मिसेस डॅन्व्हर्स. गोष्ट सांगणाऱ्या या तरुणीला अख्ख्या कादंबरीत नाव नाही.

तिची पहिली लपवाछपवी अगदी बारीक आहे. रिबेकाच्या मेजावर पुस्तकं लावताना चिनी मातीचा मदनाचा पुतळा पडून फुटतो. ती तुकडे वेचते, पाकिटात भरते आणि खणात पार मागे सारते. आळ एका नोकरावर येतो. घरची मालकीण स्वतःच्याच घरात चोरासारखी वावरते, तेव्हा पुढचं सगळं ती पचवू शकेल याची तयारी लेखिकेनं करून ठेवलेली असते.

पुढे समुद्राच्या तळाशी रिबेकाची बोट सापडते, आत मृतदेह. मॅक्सिम कबूल करतो: रिबेकाला मीच गोळी घातली, बोटही मीच बुडवली. हे ऐकून ती हादरते, पण पळत नाही. तिच्या मनात आनंद उसळतो, कारण त्याचं रिबेकावर प्रेम नव्हतंच! खुनाची कबुली तिला प्रेमाची कबुली वाटते. आपणही वाहवत जातो. चौकशीत तो सुटावा म्हणून श्वास रोखून पानं उलटतो. रिबेकाच्या दुष्टपणाची हकिकत मुख्यतः मारेकऱ्याच्याच तोंडची आहे, याचं भानही राहत नाही.

हिचकॉकच्या १९४०च्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्यातली डॅन्व्हर्स चालताना क्वचितच दिसते. नायिका वळून बघते तो ती शेजारी उभी. पण हॉलिवूडच्या तेव्हाच्या नियमावलीत बायकोचा खुनी मोकळा सुटणं बसत नव्हतं. म्हणून पडद्यावर रिबेका पडून, डोक्याला मार लागून मरते. या बदलानं कथेचा कणाच काढला. निर्दोष नवऱ्याला साथ देण्यात कसली परीक्षा?

हिंदीत बीरेन नाग यांचा 'कोहरा' (१९६४) याच कथेवर बेतला. वहिदा रेहमान नायिका, आणि डॅन्व्हर्सच्या जागी आपल्या येवल्याच्या ललिता पवार. त्यांच्या दाईमाँसाठी तो आजही पाहावा.

मूळ कादंबरीत मात्र या जोडप्याचं पुढे काय झालं, ते दुसऱ्याच प्रकरणात सांगून टाकलं आहे. दोघं परदेशातल्या हॉटेलात दिवस काढतात. ती त्याला वर्तमानपत्रातले क्रिकेटचे निकाल वाचून दाखवते. एकदा रानकबुतरांवरचा लेख वाचताना त्याचा चेहरा बदलतो, कारण मॅन्डर्लेची आठवण निघते. तेव्हापासून असा मजकूर ती मोठ्यानं वाचत नाही. पहिल्या वाचनात हे पान निव्वळ प्रेमळ वाटतं. सगळं कळल्यावर तेच पुन्हा काढून वाचा.