ही नळी नेमकी कुठे जाते?

वारंगा फाट्यावर पहाटे नांदेडच्या गाडीची वाट बघणाऱ्यांत हातात दवाखान्याची फाइल घेतलेली एखादी मैत्रीण असतेच. घरात कुणाला लिव्हरचा कॅन्सर निघाला की पहिला धसका केमोचा! पण गाठी फक्त लिव्हरमध्येच असतील, तर काही रुग्णांना औषध थेट तिथेच पोचवता येतं, हे ठाऊक आहे का तुम्हाला?

गंमत बघा. निरोगी लिव्हरला जवळजवळ पाऊण रक्त आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून मिळतं. गाठ मात्र मुख्यतः धमनीवर पोसते. म्हणून ऑपरेशन करून बारीक नळी त्या धमनीच्या फांदीत बसवतात, दुसरं टोक कातडीखालच्या डबीला किंवा पंपाला जोडतात. फ्लॉक्सयुरिडीन हे औषध बहुतेक लिव्हरमध्येच जिरतं, बाकी अंगाला झळ कमी.

छातीवरचा नेहमीचा केमोपोर्ट तो हा नव्हे. त्याची नळी शिरेत असते, औषध अंगभर फिरतं. मुंबईच्या टाटा रुग्णालयात 'टेस' करतात, तेही वेगळं. त्यात जांघेतून नळी घालून गाठीत औषध सोडतात, तिचं रक्त अडवतात आणि नळी काढून घेतात. धमनीत कायमची नळी बसवणं सरावलेल्या डॉक्टरांचंच काम. तेव्हा सही करण्याआधी विचाराच, बाई, नळी कुठे जाणार आणि किती दिवस राहणार?

घरी आल्यावर डबीपाशी लाली, ताप, पोटात दुखणं, डोळे पिवळे दिसले, तर काढे करत बसू नका. पित्तनळीला इजा झालेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. खर्चासाठी महात्मा फुले योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा.