सांगाव ते कल्पाक्कम : अणुभट्टी आखणाऱ्यांची वाट

फलटणच्या मुलाने मेकॅनिकलची पदवी घेतली की घरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो : चाकण की हिंजवडी? अणुभट्टीचा आराखडा करणे हेही मेकॅनिकलच्याच माणसाचे काम आहे, हे त्याला सहसा कुणी सांगत नाही. ते सांगायला हवे. देशातल्या सर्वांत अवघड अणुभट्ट्यांच्या आराखड्यावर ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांतले एक जण आपल्याच पट्ट्यातले आहेत.

शिवराम बाबूराव भोजे यांचा जन्म १९४२चा, कागल तालुक्यातल्या कसबा सांगावचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६५मध्ये ते पदवीधर झाले आणि तुर्भ्याच्या अणुकेंद्रातल्या प्रशिक्षणशाळेत गेले. १९५७पासून चालू असलेली ही शाळा वर्षभरात पदवीधराला अणुविज्ञानासाठी तयार करते. १९६९मध्ये भोजे फ्रान्समधल्या कादाराश केंद्रात पोहोचले. कल्पाक्कमला उभारायच्या ‘फास्ट ब्रीडर’ चाचणी भट्टीचा आराखडा तिथे तयार होत होता.

ही भट्टी हवी होती, कारण निसर्गात मिळणाऱ्या युरेनियमपैकी सहज फुटणारा भाग जेमतेम ०.७ टक्के असतो. उरलेल्याचे प्लुटोनियम करता आले, तर त्याच खनिजातून कितीतरी पट ऊर्जा मिळते. फास्ट ब्रीडर हेच करते : जळताना नवे इंधन तयार करते. होमी भाभांनी आखलेल्या तीन टप्प्यांच्या कार्यक्रमातला हा दुसरा टप्पा. तिसरा थोरियमचा.

मग १९७४ साल आले. पोखरणच्या स्फोटानंतर या भट्टीसाठी फ्रान्सकडून यायचे समृद्ध युरेनियम मिळेनासे झाले. आराखडा हातात, बांधकाम चालू आणि इंधन नाही! तुर्भे आणि कल्पाक्कमच्या शास्त्रज्ञांनी प्लुटोनियम आणि युरेनियमच्या कार्बाइडचे मिश्रण निवडले. अशा इंधनाच्या गाभ्यावर भट्टी चालवण्याचा अनुभव तेव्हा जगात कुणालाच नव्हता. १८ ऑक्टोबर १९८५ रोजी छोट्या गाभ्यानिशी भट्टी सुरू झाली. १९८७मध्ये इंधन हलवताना अपघात झाला आणि दुरुस्तीत सुमारे दोन वर्षे गेली. ४० मेगावॉट ही मूळ आराखड्यातली औष्णिक क्षमता तिने गाठली ती मार्च २०२२मध्ये. हा काळ लांबला हे खरे. पण त्या वर्षांत जे शिकायला मिळाले, ते विकत आणता आले नसते.

भोजे २०००मध्ये कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राचे संचालक झाले, २००३मध्ये पद्मश्री मिळाली, २००४मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षी ५०० मेगावॉटच्या मोठ्या फास्ट ब्रीडरचे बांधकाम सुरू झाले. तिचा गाभा भरायला सुरुवात झाली मार्च २०२४मध्ये.

या मोठ्या भट्टीचे भांडे पाहिले की संशोधकाचे काम काय असते ते कळते. साखरवाडीच्या कारखान्यात बॉयलर पाहिलेल्याला दाब पेलणाऱ्या जाड पत्र्याची सवय असते. इथे भांड्याचा व्यास जवळजवळ १३ मीटर आणि पोलादाची जाडी अवघी २५ मिलिमीटर! आत पाण्याऐवजी वितळलेले सोडियम असते. ते ९८ अंश सेल्सिअसला वितळते आणि ८८३ अंशांना उकळते, म्हणून साडेपाचशे अंशांपर्यंत तापवूनही दाब द्यावा लागत नाही. पातळ पत्र्याला तापमानातले चढउतार सोसतात. मात्र भूकंपात हजारावर टन सोडियम हिंदकळले, तर तोच पत्रा वाकू शकतो. शिवाय सोडियम हवेत पेटते, पाण्याशी भडकते आणि अपारदर्शक असल्याने आतले काही दिसत नाही.

भूकंपाचे सातारा जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेने दख्खनचे पठार स्थिर असल्याची समजूत मोडून काढली. कोयना धरणात तेव्हा नोंदला गेलेला हादऱ्यांचा आलेख आजही जगभरचे धरण-अभियंते वापरतात. भट्टीचे भांडे, नळ, पंप अशा हादऱ्यात कसे वागतील हे गणिताने आणि प्रयोगाने तपासणे, हे एका पीएच.डी.ला पुरून उरेल एवढे काम आहे. त्यात मेकॅनिकलइतकेच सिव्हिलच्या माणसाचेही स्थान आहे.

अशी पीएच.डी. करायची कुठे? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या विद्यापीठाने १९५३मध्येच स्वतःच्या आवारात अणुभट्टी चालवली. आपल्याकडे संशोधन भट्ट्या अणुऊर्जा विभागाच्या केंद्रांत आहेत, म्हणून विद्यापीठच केंद्रांपर्यंत नेले गेले. २००५मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा राष्ट्रीय संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. तुर्भे, कल्पाक्कम ही केंद्रे तिचे घटक आहेत आणि तिथे काम करत पीएच.डी. करता येते.

फलटणला ऊर्जासंशोधन नवे नाही. बनबिहारी निंबकरांनी १९६८मध्ये स्थापलेल्या कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी १९८१मध्ये अमेरिकेहून आले आणि त्यांनी उसाच्या पाचटावर चालणारा गॅसिफायर उभा केला. गंभीर संशोधन तालुक्याच्या गावीही होते, याचा एवढा पुरावा पुरे.

फलटण, कराड, सांगलीच्या महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाला असलेल्यांनी तुर्भ्याच्या प्रशिक्षणशाळेची जाहिरात चुकवू नये. पदवीला किमान ६० टक्के लागतात; मुलाखतीसाठी निवड गेटच्या गुणांवर किंवा शाळेच्या स्वतःच्या परीक्षेतून होते. मुलाखतीत मूलभूत विषय खोलवर विचारतात. तेव्हा उष्णतावहन, द्रवगतिकी आणि पदार्थांची ताकद ही तीन पुस्तके आतापासूनच पुन्हा उघडा.