चौकी जळाल्यावर खुनी कोण शोधणार?

रहस्यकथेला एक गोष्ट फुकटात मिळते आणि तिची दखल सहसा कुणी घेत नाही. ती म्हणजे चालू स्थितीतलं सरकार. खून झाला की पंचनाम्याला कुणीतरी येतं, प्रेत तपासणीला जातं, साक्षीदार घाबरत का होईना बोलतात, आणि शेवटच्या प्रकरणात बेड्या घेऊन इन्स्पेक्टर हजर असतो. एडगर ॲलन पोनं १८४१ मध्ये पॅरिसमधल्या दोन खुनांची गोष्ट लिहिली, तेव्हापासून हा सरंजाम गृहीतच आहे. शेरलॉक होम्स पोलिसांची टिंगल करतो खरा, पण पकडलेला माणूस शेवटी बहुतेक वेळा त्यांच्याच हवाली करतो.

आता हा सरंजाम काढून घ्या. चौकी बंद, न्यायाधीश परागंदा, आणि उद्या सत्ता कुणाची हे कुणालाच ठाऊक नाही. रहस्यकथा उरेल का?

उरते, आणि ती कशी उरते हे आग्नेय आशियात घडणाऱ्या कादंबऱ्यांत पाहावं. कॉलिन कॉटेरिल या ब्रिटिश लेखकानं २००४ मध्ये लाओसच्या राजधानीत, व्हिएन्टिआनमध्ये घडणारी कादंबरी लिहिली. काळ १९७६ चा. आदल्याच वर्षी राजेशाही गेलेली, कम्युनिस्ट आलेले, शिकलेली माणसं मेकाँग नदी ओलांडून थायलंडला पळालेली. नव्या सरकारला प्रेतं तपासणारा माणूस हवा असतो आणि हाताशी असतात बहात्तर वर्षांचे डॉक्टर सिरी. या कामाचा त्यांना गंध नाही, त्यांना तर निवृत्त व्हायचंय! या नव्या राजवटीची राज्यघटना आली थेट १९९१ मध्ये. म्हणजे ज्या कायद्यासाठी तपास करायचा, तो धड लिहिलेलाही नाही. थट्टेच्या सुरात सांगितलेली ही गोष्ट वाचताना हसू येतं आणि त्याच वेळी पोटात खड्डा पडतो.

फिलिपिन्सच्या लेखिका एफ. एच. बटाकान यांच्या कादंबरीतली मनिला याहून काळी आहे. पायातास हा तिथला कचऱ्याचा प्रचंड डोंगर. त्यावर भंगार वेचून जगणाऱ्या वस्तीतली मुलं एकेक करून मारली जातात, आणि पोलीस म्हणतात, असले खुनी आपल्या देशात नसतातच. शोध घेतात दोन जेझुइट पाद्री, एक हाडांचा अभ्यासक, दुसरा मानसशास्त्रज्ञ. या कादंबरीला १९९९ मध्ये पालांका पुरस्कार मिळाला आणि २००२ मध्ये ती पुस्तक म्हणून आली. या दोन तारखांच्या मधे, जुलै २००० मध्ये, पायातासचा तो डोंगर खरोखरच कोसळला आणि दोनशेहून अधिक माणसं त्याखाली गेली. ज्या जागेकडे कुणी पाहत नाही असं कादंबरी सांगत होती, तीच जागा माणसांना घेऊन खाली आली.

म्हातारा डॉक्टर आणि दोन पाद्री यांच्यात पोलीस कुणीच नाही. शहर डळमळलं की शोधाचं काम व्यवस्थेच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे जातं. मला इथंच खरी गंमत वाटते, कारण अशा शहरात ‘खून कुणी केला’ हे कोडं दुय्यम होतं. ‘खुनी कोण हे ठरवण्याचा अधिकार आज कुणाकडे आहे’ हे कोडं त्याच्या डोक्यावर येऊन बसतं.

असं शहर पाहायला मेकाँगपर्यंत जायची गरज नाही. सोलापुरात, नवी पेठेतल्या कापडदुकानांच्या गर्दीतून वाट काढत निघालं की चालत चार पुतळ्यांपाशी पोहोचता येतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. रोज हजारो लोक या चौघांच्या समोरून जातात. त्यांना फाशी झाली ती खुनाच्या आरोपावरून, आणि त्या खटल्याची पार्श्वभूमी कुठल्याही कादंबरीकाराची झोप उडवेल अशी आहे.

५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली. गिरणगाव असलेलं सोलापूर आधीच धुमसत होतं. त्याआधी महिनाभर नगरपालिकेवर तिरंगा चढलेला. ८ मे रोजी रूपाभवानी मंदिराच्या बाजूला लोक शिंदीची झाडं तोडायला जमले, धरपकड झाली, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण कोसळला. मग जमाव उसळला. मंगळवार पेठेतली पोलीसचौकी पेटली, पोलीस शिपाई मारले गेले, कोर्टाची इमारतही जळाली. त्यानंतर पोलीस शहरातून मागे हटले आणि ९, १० व ११ मे असे तीन दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्य चाललं नाही. रहदारीसुद्धा काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळली. १२ मे रोजी लष्करी कायदा लागू झाला, तो ३० जूनपर्यंत.

आता लेखकाच्या नजरेनं पाहा. खून झाला तिथली चौकीच जळालेली. ज्या कोर्टात निवाडा व्हायचा तेही जळालेलं. दोन्ही एकाच दिवशी! इतकी चोख रचना एखाद्यानं कल्पनेनं केली असती तर संपादकानं ‘जरा जास्त होतंय’ म्हणून परत पाठवली असती. साक्षीदारांचंही तसंच. एका पेठेत कानडी, दुसरीत तेलुगू, तिसरीत दखनी, चौथीत मराठी. चौघांनी एकच दृश्य पाहिलं तरी कागदावर काय उतरेल हे लिहून घेणाऱ्यावर अवलंबून.

त्यातून एखाद्या साध्या वस्तूचं काय होतं ते बघा. गुन्ह्याच्या जागी पडलेली गांधी टोपी ११ मेपर्यंत नुसती टोपी असते, गावात हजारोंच्या डोक्यावर असलेली. लष्करी अंमल आला, टोप्या उतरवायला लावल्या गेल्या, झेंडा हातात धरणाऱ्यांना शिक्षा झाल्या, आणि तीच टोपी पुरावा बनली. वस्तू तीच, जागा तीच, बदलली ती फक्त तारीख. नेहमीच्या रहस्यकथेत धागादोरा शोधावा लागतो. इथं सरकारी हुकूम निघाला की हवा तेवढा पुरावा तयार होतो.

पुतळे झालेल्या त्या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली ती १२ जानेवारी १९३१ ला. सोलापूरच्या माणसाला ही तारीख ऐकून चटका बसतो, कारण ते संक्रांतीच्या तोंडावरचे, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेचे दिवस. गावात नंदीध्वजांची लगबग असण्याचा तो काळ.

खुनी कोण हे कुणी ठरवायचं, हा प्रश्न मराठी रहस्यकथेनं आपल्या पद्धतीनं सोडवला होता, असं मला वाटतं. बाबुराव अर्नाळकर स्वतः स्वातंत्र्य चळवळीत होते. पुढं त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांचे गाजलेले नायक, झुंजार आणि काळापहाड, कायद्याच्या बाहेर राहून न्याय करणारे निघाले. ही तऱ्हा विलायती कथांतून आली हे खरं. पण कायदा परक्यांचा असताना वाढलेल्या वाचकाला बुरखाधारी नायक इतका जवळचा का वाटला असेल, याचं उत्तर केवळ अनुकरणात सापडत नाही. समीक्षकांनी या पुस्तकांकडे नाक मुरडलं आणि एक मोठा सामाजिक दस्तऐवज न वाचताच बाजूला ठेवला.

सोलापूरच्या कादंबरीला मात्र बुरखाधारी चालणार नाही. मी शोधकर्ता म्हणून गिरणीतला हजेरी कारकून निवडेन. भोंगा कधी वाजला, कोण पाळीला आलं, कोण गैरहजर होतं, हे त्याच्या वहीत असतं. चौकीची दप्तरं जळाली तरी ती वही शिल्लक राहू शकते, आणि तीन बिनसरकारी दिवसांनंतर ती इंग्रजांनाही हवी असेल आणि आरोपींच्या घरच्यांनाही. गोष्ट सुरू करायची ती ९ मेच्या सकाळी, खून होऊन गेल्यावर. कारकून दारात उभा आहे, रस्त्यात स्वयंसेवक टांगे थांबवतोय, आणि वहीतली एक हजेरी खोटी आहे हे त्याच्या नुकतंच लक्षात आलंय.