विमान बाराचं, घरातून निघायचं कधी?

 

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, "विमान? आम्हाला सातची फास्ट लोकल मिळाली तरी देव पावला!" पण जरा आजूबाजूला बघा. उल्हासनगरातल्या कितीतरी सिंधी कुटुंबांचं एक घर इथे तर दुसरं दुबईत. अंबरनाथच्या कारखान्यांत काम शिकलेली मुलं आखातात गेली आहेत. बदलापूरच्या नव्या सोसायट्यांतल्या लेकी-सुना पुण्या-बेंगळुरूत, तर कुणी परदेशात. लेकीच्या बाळंतपणाला, भाच्याच्या लग्नाला किंवा अचानक कुणाच्या आजारपणाला आता आपणही विमानाने निघतो, आणि तेही पुष्कळदा एकटीने आणि पहिल्यांदाच.

तीन वर्षांपूर्वी मीही अशीच निघाले होते. नणंदेचं बेंगळुरूला ऑपरेशन होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. तिचा एकच हट्ट होता, आत नेताना आई समोर हवी. मी आणि सासूबाई आदल्या दिवशी, रविवारी दुपारच्या विमानाने जाणार होतो. घरातून दोन तास हातात ठेवून निघालो. पण रविवार म्हणजे मेगाब्लॉक, हे आम्ही विसरलो. जलद गाडी धीम्या मार्गावर वळवलेली, प्रत्येक स्टेशनवर थांबत ती दादरला पोचली. तिथून पुढे धावतपळत विमानतळ गाठला. सामान कसंबसं जमा झालं, आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेत सासूबाईंची पिशवी बाजूला काढली गेली. आत ओटीचा नारळ होता. आमच्याआधी चार पिशव्या उघडून बघायच्या होत्या. आम्ही गेटवर पोचलो तेव्हा दार बंद झालेलं होतं आणि काचेतून विमान दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने पोचलो, तोवर नणंदेला आत नेलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं, ती बरीही झाली. सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण तेव्हापासून मी कुणीही विमानाने निघालं की वही-पेन घेऊन बसते आणि उलटा हिशेब मांडते. आज तोच तुम्हाला सांगणार आहे.

आधी ही रांग असते कशासाठी ते बघू. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला येणारं आपलं विमान अपहरण करून कंदाहारला नेलं. त्यानंतर २००० सालापासून विमानतळांची सुरक्षा राज्यांच्या पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे, टप्प्याटप्प्याने देण्यात आली. ते खाकी गणवेशातले जवान दिसतात ना, तेच. नियम ठरवतं नागरी विमान सुरक्षेचं केंद्राचं कार्यालय, आणि परिस्थिती बदलली की नियमही कडक होतात. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी तणाव वाढला तेव्हा विमान कंपन्यांनी प्रवाशांना तीन तास आधी यायला सांगितलं होतं, आणि सामानाचे काउंटर विमान सुटण्याच्या ७५ मिनिटं आधी बंद होत होते. म्हणून गेल्या वेळचा अनुभव या वेळी चालेलच असं धरू नका. निघण्याच्या आदल्या दिवशी कंपनीचा मेसेज नीट वाचा.

आता रांग एकाएकी लांब का होते? आपल्याकडे टँकर आला की काय होतं ते आठवा. समजा मिनिटाला दहा हंडे येऊन लागतात आणि भरून आठच निघतात. पहिल्या पाच मिनिटांत काहीच वाटत नाही. पण मिनिटाला दोन हंडे मागे उरतात, म्हणजे तासाने १२० हंडे रांगेत. तेव्हा शेवटी येणारीला पंधरा मिनिटं थांबावं लागेल. त्यातच दोनपैकी एक नळी बंद पडली तर तिची तीस मिनिटं होतील. विमानतळावर हेच घडतं. मुंबईच्या विमानतळावरून वर्षाला पाच कोटींहून अधिक माणसं ये-जा करतात. सकाळी पाठोपाठ विमानं सुटतात, तेव्हा सगळे एकदमच येतात. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीत तर विचारूच नका. "मागच्या वेळी दहा मिनिटांत आत गेलो" हे खरं असतं, पण ते त्या दिवसापुरतंच.

आणि ही रांग एकच नसते. पहिली दाराशी, तिथे तिकीट आणि ओळखपत्र बघतात. दुसरी सामान देण्याची. तिसरी सुरक्षा तपासणीची. परदेशी जायचं तर इमिग्रेशनची आणखी एक.

आता करूया उलटा हिशेब. समजा देशातल्या देशात जायचं आहे आणि विमान दुपारी बाराला आहे. बारा ही विमान हलण्याची वेळ. बहुतेक कंपन्या विमानाचं दार, म्हणजे बोर्डिंग गेट, २५ मिनिटं आधी बंद करतात. म्हणजे ११.३५. आपण तिथे ११.२० ला असावं. मुंबईचं टर्मिनल २ प्रचंड मोठं आहे, तपासणीपासून गेटपर्यंत चालायलाच पंधरा मिनिटं लागू शकतात. म्हणजे तपासणी ११.०५ ला संपायला हवी. गर्दीच्या वेळी तिला पन्नास मिनिटं धरा, रांगेत उभं राहायचं १०.१५ ला. त्याआधी सामान द्यायला अर्धा तास, म्हणजे ९.४५. हे काउंटर साधारण एक तास आधी बंद होतात, तेव्हा इथे आपण सुरक्षित आहोत. दाराशी पंधरा मिनिटं. म्हणजे विमानतळाच्या दाराशी साडेनऊला पोचायचं. परदेशी जायचं असेल तर यात तासभर आणखी मिळवा.

आता घर ते विमानतळ. बदलापूरहून जलद लोकलने घाटकोपर साधारण तासाभराचं. घाटकोपरला उतरून मेट्रो १ ने मरोळ नाका. तिथे मेट्रो ३ ला बदलायचं, आणि पुढचंच स्टेशन टर्मिनल २. दादरला उतरून पश्चिम रेल्वे गाठायची आणि पुन्हा रिक्षा शोधायची, हा जुना त्रास वाचतो. चढ-उतार, जिने, तिकीट धरून दोन तास लागतात. त्यात लोकलच्या उशिरासाठी अर्धा तास. म्हणजे साडेनऊला पोचायचं तर सातला निघायचं.

आणि इथेच खरी मेख आहे. सकाळी सातला बदलापूर, अंबरनाथ किंवा विठ्ठलवाडी स्टेशनवर मोठी बॅग घेऊन चढून दाखवा बरं! लेडीज डब्यातल्या मैत्रिणी मनाने चांगल्या असतात, पण तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. म्हणून एकतर गर्दीच्या आधीची, सहाच्या आतली गाडी धरा आणि तिकडे जाऊन निवांत बसा. नाहीतर तिघी-चौघी मिळून गाडी करा. पण रस्त्याने जायचं तर शिळफाट्याची कोंडी हिशेबात धरा. रविवार असेल तर आदल्या दिवशीच मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघा. पहाटेच्या विमानाला मेट्रो नसते, हेही लक्षात ठेवा.

"बाराच्या विमानासाठी इतक्या लवकर निघायचं?" असं घरात कुणीतरी हसणारच. हसू द्या. आत बसायला खुर्च्या असतात, डबा सोडता येतो, शौचालयं स्वच्छ असतात. लवकर पोचल्याने फार तर कंटाळा येईल. उशिरा पोचल्याने काय होतं ते मी मघाशी सांगितलं.

आता तीन चुका सांगते, ज्या हिशेब बरोबर असूनही घात करतात.

पहिली, तारखेची. परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर "१५ तारीख, ००.४०" असं असेल तर घरातून १४ तारखेला संध्याकाळी निघायचं आहे. पंधराच्या रात्री गेलात तर विमान एक दिवसापूर्वीच गेलेलं असेल.

दुसरी, जागेची. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं सुटू लागली. ते पनवेलजवळ उलव्याला आहे. तिकिटावर बीओएम ही अक्षरं असतील तर मुंबईचा जुना विमानतळ, एनएमआय असतील तर नवी मुंबई. मुंबईतही टर्मिनल १ आणि २ एकमेकांपासून दूर आहेत. रिक्षात बसण्याआधी हे बघा, उतरल्यावर नव्हे.

तिसरी खास आपली, नावाची. तिकीट मुलाने काढलं लग्नानंतरच्या नावाने, आणि आधारवर अजून माहेरचं नाव. दारातला जवान दोन्ही ताडून बघतो आणि अडवतो. त्याचा दोष नाही, ते त्याचं कामच आहे. तिकीट काढतानाच ओळखपत्र समोर ठेवा. चूक झालीच असेल तर कंपनीला आधीच फोन करून दुरुस्त करून घ्या.

फोन वापरता येत असेल तर वेब चेक-इन घरूनच करा. देशांतर्गत प्रवासासाठी डिजियात्रा नावाचं ॲपही आहे. आधारच्या आधारे नोंदणी केली की दाराशी चेहरा दाखवून आत जाता येतं. पण अंगाची आणि पिशवीची तपासणी त्याने टळत नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. आपली पिशवी यंत्रातून जाते आणि आपण वेगळ्या रांगेने पडद्याआड. तिथे महिला जवानच तपासतात, घाबरण्यासारखं काही नाही. कधी बायका कमी म्हणून आपली रांग भराभर सरकते, तर कधी पडद्याची खोली एकच असते आणि पिशवी पुढे जाऊन आपण मागे राहतो. म्हणून ट्रे यंत्रात गेलेला डोळ्यांनी बघा, मगच रांग सोडा. काढलेले दागिने ट्रेमध्ये सुटे ठेवू नका, पर्समध्ये ठेवून चेन लावा. साडीच्या पिना शक्य तितक्या कमी लावा. पेसमेकर असेल किंवा दिवस गेलेले असतील तर आधीच सांगा.

मोबाइल, लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक पिशवीत तळाशी कोंबू नका, कारण ते बाहेर काढायला सांगतात. पॉवर बँक मोठ्या सामानात देऊ नका, ती हातातच न्यायची. कात्री, सुरी, काडेपेटी, लायटर हातातल्या पिशवीत नको. मसाला, तिखट, लोणचं मोठ्या सामानात नीट बांधून द्या. परदेशी जाताना हातातल्या पिशवीत कोणतीही पातळ वस्तू १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाही. बाळाचं दूध आणि गरजेची औषधं यांना सवलत असते, पण डॉक्टरची चिठ्ठी जवळ ठेवा. लाडू, चकल्या, पापड बिनघोर न्या. सुक्या खोबऱ्यात तेल फार, ते पेट घेतं, म्हणून त्याला हातातही आणि मोठ्या सामानातही मनाई आहे. आणि नारळ हातातल्या पिशवीत नेऊ देत नाहीत. २०२४ च्या अखेरीस शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला नारळ नेण्याची काही काळ खास सूट द्यावी लागली, यावरून नियम किती पक्का आहे ते कळेल.

गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर विमान कंपनीकडे किमान दोन दिवस आधी मागून ठेवा. तिथेही माणूस येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून अर्धा तास जास्त धरा.

एवढं करूनही रांगेत अडकलात आणि वेळ संपत आली तर गप्प उभ्या राहू नका. बोर्डिंग पास हातात धरून कंपनीच्या किंवा सुरक्षा दलाच्या माणसाला स्पष्ट सांगा, "माझं गेट इतक्या वाजता बंद होतंय." पुढच्या लोकांनाही विनंती करा. आपण बायका रांग मोडायला लाजतो, पण ही वेळ लाजायची नाही. आत गेल्यावर नाव पुकारतील म्हणून बसून राहू नका. मुंबई विमानतळावर २०१८ पासून प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही, पडद्यावर गेट नंबर बघत राहा, तो बदलूही शकतो.

आणि विमान चुकलंच, तर रडत घरी येऊ नका. आधी कंपनीच्या काउंटरवर पुढच्या विमानाचं विचारा. तिकिटाचे पैसे बहुधा जातात, पण त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मागण्याचा आपल्याला हक्क आहे. अर्ज करा, सोडू नका.

गेल्या वर्षी नणंदेच्या मुलीच्या डोहाळजेवणाला सासूबाई पुन्हा बेंगळुरूला गेल्या. पहाटेच्या लोकलने निघालो, इतक्या लवकर पोचलो की दोघींनी विमानतळावर डब्यातले पोहे खाल्ले. तपासणीत पिशवी सरळ पुढे गेली. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नारळ तिकडेच घेऊ गं, मिळतात तिथे."

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी घरात कुणी विमानाने निघालं की वही काढा, गेटच्या वेळेपासून मागे मागे मोजत या, आणि तो कागद फ्रिजवर लावा. सुखरूप जा, वेळेवर पोचा.