वाचलं, पण बोलला नाही

प्रत्येक लग्नघरात एक अबोल माणूस असतो. गप्पांच्या कोंडाळ्यात तो सापडत नाही, पण पंगतीत मठ्ठा वाढतो, आत्याला स्टेशनवरून घेऊन येतो, मांडववाल्याचा हिशेब चुकता करतो. तो आला होता का, असं कोणी विचारलं तर दहा जण साक्ष देतील. तो कोणाशी फारसा बोलला नाही, हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

त्याच कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला की या माणसाची पंचाईत होते. तिथे वाढायला मठ्ठा नसतो. हजेरी लावायची ती बोलूनच.

खरं तर हे माध्यम त्याच्या सोयीचं ठरायला हवं होतं. कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली अंतर्मुख आणि बहिर्मुख अशी स्वभावांची मांडणी केली, तेव्हा त्याचा रोख मनाचा ओढा कुठे आहे यावर होता, भिडस्तपणावर नव्हता. लाजाळू माणसाला बोलायचं असतं, धीर होत नाही. अंतर्मुख माणूस तासभर उत्तम व्याख्यान देईल, पण नंतर त्याला दार लोटून बसावंसं वाटेल. (स्थळं बघणाऱ्या मंडळींना हा फरक समजावून पाहा. 'म्हणजे मुलगा घुमाच ना?' असं विचारतील.) ग्रुपवर आपल्या सवडीने, शब्द निवडून लिहायचं, समोर कोणी ताटकळत नाही, याहून अंतर्मुख माणसाला काय हवं?

तसं झालं नाही, आणि याची चाहूल फेसबुक जन्मण्याआधीच लागली होती. अमेरिकेत रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी नव्याने संगणक किंवा टीव्ही घेतलेल्या लोकांच्या इंटरनेट-वापराचा अभ्यास केला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत, इंटरनेट जास्त वापरणाऱ्या बहिर्मुखांचा एकटेपणा कमी झालेला दिसला आणि अंतर्मुखांचा वाढलेला. ज्याच्या ओसरीवर आधीच वर्दळ, त्याच्याकडेच आणखी पाहुणे.

पुढे एक गोष्ट बदलली, आणि माझ्या मते तीच सगळ्यात जाचक आहे. पूर्वी पत्राला उत्तर गेलं नाही तर खापर पोस्टावर फोडता येई. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सॲपवर निळ्या टिका आल्या आणि गप्प बसण्याचीही नोंद होऊ लागली. एकेकट्याशी बोलताना त्या बंद करता येतात, ग्रुपमध्ये येत नाहीत. आपण टाकलेल्या मेसेजची माहिती उघडली की कोणी, किती वाजता वाचलं याची यादीच समोर येते.

समजा, भाचीला दहावीत ९१ टक्के पडले. ताईने गुणपत्रिकेचा फोटो टाकला. आपला अबोल मामा तो मोठा करून विषयवार गुण बघतो, गणितावर खूश होतो. लिहायला घेतो तर वर बावीस वेळा 'अभिनंदन' आणि पेढ्यांचे फोटो. तेविसावं लिहून काय सांगणार? जरा नीट लिहू म्हणून तो थांबतो, आणि सकाळपर्यंत गुणपत्रिका सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाते. रविवारी तो भाचीला फोन करून अर्धा तास अकरावीच्या प्रवेशाचं बोलतो. ग्रुपवर ते कोणालाच दिसत नाही. ताईला दिसतं ते एवढंच: रात्री ११.४० ला वाचलं, आणि साधा अंगठाही नाही.

असे वाचून गप्प राहणारेच बहुसंख्य असतात. ऑनलाइन समूहांत शंभरातले साधारण नव्वद जण नुसतं वाचतात, असा ठोकताळा वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक याकब नील्सन यांनी २००६ साली मांडला होता. पण यंत्राच्या लेखी लाइक आणि कमेंट म्हणजेच माणूस. आणि आता आपणही नात्याची मोजदाद त्याच मापाने करू लागलो आहोत. दोषाचा हा अर्धा वाटा आपला आहे, ॲपच्या माथी मारता येणार नाही.

मग ग्रुप सोडून का देत नाही? २०२२ पासून गाजावाजा न करता बाहेर पडायची सोय आहे. सूचना फक्त ॲडमिनला जाते. पण गेल्या ६० दिवसांत कोण बाहेर पडलं याची यादी ग्रुपच्या माहितीत सगळ्यांसाठी राहते. शिवाय घरच्या ग्रुपचा ॲडमिन असतो मोठा काका, आणि काकांना कळलं की पाच मिनिटांत फोन येतो: "काय रे, कोणी काही बोललं का तुला?"